अठरावं नाव

यासेनित्सा, ७ नोव्हेंबर २०१८

रायना मावशी,

उद्या गुरुवार. त्सोन्को काकांची बस सकाळी सातला निघते, म्हणून हे आजच लिहून संपवायचं आहे. आईने लाल मिरच्या भाजून केलेली ल्यूतेनित्सा पाठवली आहे, बारा बरण्या. मी तीनदा मोजल्या. काका म्हणाले, "पोरी, वालेन्सियाला अकराच पोचल्या तर समज, मला वाटेत भूक लागली." मी हसले, पण यादीवर त्यांची सही घेतली. तूच शिकवलंस.

शाळेच्या कचेरीत तुझ्या खुर्चीत बसून मला दोन महिने झाले. मधली तीन वर्षं जिल्ह्याहून जे हिशेबनीस आठवड्यातून एकदा यायचे, त्यांनी कपाटाला हातही लावलेला दिसत नाही. तुझी लाकडी पट्टीसुद्धा होती तिथेच आहे. मी रोज सगळ्यांच्या आधी जाते आणि बॉयलरच्या टाकीत काठी घालून तेल किती उरलंय ते बघते. काल चार बोटं कमी होतं. फेब्रुवारीपर्यंत पुरेल की नाही हे कागदावर मांडलं की पुरतं, आणि टाकीपाशी उभी राहिले की पुरत नाही.

एक विचारायचं आहे. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्रात विचारते. अपघात-विम्याचे पाच-पाच लेवा मुलांनी आणून दिले. अकरावीतल्या पंधरा जणांनी स्वतः दिले. उरलेल्या तिघांचे मुख्याध्यापक गेशेव सरांनी स्वतःच्या पाकिटातून काढून दिले आणि म्हणाले की ती मुलं घरी राहून स्वतंत्रपणे अभ्यास करतात. मी तीन पावत्या फाडल्या. तीन आठवडे झाले, त्या न्यायला कोणी आलेलं नाही. त्या ठेवायला खण उघडला तर आत मागच्या वर्षीच्या तीन मार्तेनित्सा होत्या, तू दर एक मार्चला या वर्गासाठी मनगटावर बांधायला लाल-पांढरा दोरा वळून पाठवतेस त्याच. म्हणजे तेव्हाही तिघं आले नव्हते.

पावत्यांवर इवायलो आहे, प्लामेन आहे, आणि तिसरं नाव रालित्सा देयानोवा आहे. मावशी, तुझी नात रालित्सा तर चार वर्षं तुझ्या लेकीजवळ, तिथे आहे. आता तू ज्या टेबलावर हे पत्र वाचत असशील त्याच टेबलावर ती जेवते. ही दुसरी कोणी असेल ना?

तुझी
नेवेना


वालेन्सिया, १७ नोव्हेंबर

नेवेना बाळा,

बाराही बरण्या पोचल्या. त्सोन्को फक्त बोलतो, खात नाही. गेल्या वेळेपेक्षा तिखट झाली आहे. तुझ्या आईला सांग, जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला फार बरं वाटलं.

मी सकाळी त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे जाते, त्यांना आंघोळ घालते, पेपर वाचून दाखवते. मला निम्मंच कळतं, त्यांना निम्मंच ऐकू येतं, त्यामुळे आमचं छान चालतं. इथे नोव्हेंबरात लोक नुसत्या शर्टात फिरतात. तू लोकरीचे मोजे घालून जात जा. त्या खोलीच्या खिडकीतून वारा येतो, मला ठाऊक आहे.

तेल काठीने मोजतेस ते योग्यच, पण रोज कशाला? सोमवारी मोज. रोज मोजलं म्हणून तेल वाढत नाही, फक्त तू वाळतेस.

आणि ती पावती. अगं, नाव काढायचं राहून गेलं असेल. मुलं जातात, येतात, कागद मागे राहतात. गेशेव भला माणूस आहे, त्याला छळू नकोस. पावत्या वहीत चिकटवून टाक आणि पुढच्या कामाला लाग.

तुझी मावशी


यासेनित्सा, २१ नोव्हेंबर

मावशी,

नाव काढायचं राहिलेलं नाही. दर वर्षी ते नव्याने लिहिलेलं आहे.

मी शनिवारी दफ्तरखान्यात गेले. चोरून नाही, पहारेकऱ्याच्या वहीत वेळ लिहून गेले. या तिघांचे दर सत्राचे पेपर तिथे आहेत, दोऱ्याने शिवलेले, लाखेचा शिक्का मारलेला. नियमाप्रमाणे स्वतंत्र अभ्यास करणाऱ्याने शाळेत येऊन तीन शिक्षकांसमोर परीक्षा द्यावी लागते. इवायलो आणि प्लामेन जर्मनीत आहेत हे इथे प्रत्येकाला माहीत आहे. इवायलोच्या आजीने मला त्याचा म्युनिकच्या बेकरीतला फोटो दाखवला, पांढऱ्या टोपीतला. म्हणजे हे पेपर कोणीतरी इथे बसून लिहिले. तिघांचेही.

मला झोप नीट लागत नाही. एक जानेवारीचा पट पहिल्याच आठवड्यात वर पाठवायचा आहे. एका मुलामागे वर्षाला जवळजवळ दोन हजार लेवा येतात, आणि वर्ग अठराखाली गेला तर वर्गाची म्हणून मिळणारी रक्कमही थांबते. त्या पटावर गेशेव सरांच्या सहीखाली माझी सही लागते.

मला तुझं स्वयंपाकघर आठवतं. आई शिवणकारखान्यात पाळीला गेली की तू मला बरण्यांच्या फळीसमोर उभी करायचीस. मी म्हणाले की वीस आहेत, तर तू म्हणायचीस, बोट ठेवून दाखव. बोट ठेवता येत नसेल तो आकडा तोंडातून काढायचा नाही. मी शाळेत जायच्या आधी हे शिकले. आता अकरावीच्या दारातून मी रोज बोट ठेवून मोजते आणि पंधरावर थांबते.

ज्याने कोणी रालित्साच्या नावाने ते खोटे पेपर लिहिले त्याला लाज वाटली नाही का, हे मला विचारायचं आहे. तुला माहीत असेल तर सांग.

नेवेना


वालेन्सिया, १ डिसेंबर

नेवेना,

पुन्हा दफ्तरखान्यात जा. पहारेकऱ्याच्या वहीत पुन्हा वेळ लिही, तुझं समाधान होईल. आणि रालित्साचे पेपर उजेडात धर. कागदाच्या कडेला चार भोकं दिसतील. तसल्या वह्या यासेनित्सात मिळत नाहीत, इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. एक युरो वीस सेंट, माझ्या पैशाने घेतलेल्या.

ते पेपर खोटे नाहीत. प्रत्येक ओळ त्या मुलीने लिहिलेली आहे, माझ्यासमोर, घड्याळ लावून. प्रश्न गेशेव बंद पाकिटातून त्सोन्कोबरोबर पाठवतो. मी एकदाही तिला उत्तर सांगितलं नाही. एकदा भूगोलात तिने दान्यूबची उपनदी चुकवली आणि मला दिसत होतं, तरी मी भांडी घासत राहिले. लाज कोणी बाळगायची ते आता तू सांग.

त्या दोन पोरांचे मात्र गेशेव लिहितो. एकाचे उजव्या हाताने, दुसऱ्याचे डाव्या. प्लामेनच्या गणितात मुद्दाम चुका करतो, कारण प्लामेन कधीच हुशार नव्हता. त्याला चुका करणंच जड जातं.

एवढं लिहिलंच आहे तर उरलेलंही लिहिते. तीन वर्षांपूर्वी आठवीचा वर्ग बांधायचा होता आणि नावं भरली सतरा. ऑगस्टअखेर गेशेव माझ्यासमोर डोकं धरून बसला होता. तेव्हा वेसेला मला म्हणत होती, आई, दोनच वर्षं, पैसे जमले की आम्ही परत येतो. मी पेन घेतलं आणि अठरावं नाव लिहिलं. बसमध्ये आपण येणाऱ्या माणसासाठी पिशवी ठेवून जागा धरतो ना, तेवढंच वाटलं मला. पुढे ती दोन पोरं गेली. एकाची सवय झाली होती, तिसऱ्याचं कोणाला काही वाटलं नाही.

यातला एक लेवा कोणी घरी नेलेला नाही. वरच्या गावांतून सात मुलं शाळेच्या गाडीने येतात. वर्ग बंद झाला तर त्यांना सेहेचाळीस किलोमीटरवर वसतिगृहात राहावं लागेल. एमिनेचे वडील तिला वसतिगृहात पाठवणार नाहीत, हे त्यांनी मला माझ्या तोंडावर सांगितलं होतं. तू पंधरावर थांबतेस. त्या पंधरांतली एमिने कुठे बसते ते बघ आणि मग सही कर.

मावशी


यासेनित्सा, १२ डिसेंबर

मावशी,

भोकं बघितली. चार आहेत. मी तुझी क्षमा मागते, त्या शब्दांबद्दल. आणि तरी नियम तोच राहतो, परीक्षा इथे, तिघांसमोर. तूही हे जाणतेस, नाहीतर पहिल्याच पत्रात सांगितलं असतंस.

एमिने दुसऱ्या बाकावर बसते, भिंतीकडे. डावखुरी आहे, त्यामुळे शेजारणीशी तिचं कोपरांचं भांडण चालू असतं.

मी गेशेव सरांशी बोलले. चुकू नये म्हणून बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, वाचला आणि म्हणाले, चला. मला बॉयलरच्या खोलीत नेलं. तिथे त्यांनी काटा दाखवला, पाइपावर हात ठेवायला लावला. म्हणाले, "हा इवायलो, हा प्लामेन. इथे गरम लागतंय ना, ती तुमची भाची रालित्सा. आता सांगा कोणाला काढू."

मी म्हणाले की नियमात वाट आहे. वर्ग अठराखाली असला तरी नगरपालिकेने ठराव करून तूट भरली तर तो चालू शकतो. ते हसले. सहा वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या शाळेने असाच अर्ज केला होता म्हणे. तेव्हापर्यंत ती शाळा कोणाच्या ध्यानातही नव्हती. अर्जामुळे ध्यानात आली आणि दोन वर्षांत बंद झाली. "मदत मागणाऱ्याचं दार आधी त्यांना दिसतं, मग कुलूप," असं म्हणाले आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. त्यांनी मला धमकावलं असतं तर सोपं झालं असतं.

आता मी रोज टाकी बघते आणि रोज वर्गही मोजते. एक दिवस चौदाच होते. चौकशी केली, तर एक मुलगा दाताच्या डॉक्टरकडे गेला होता.

पट चार जानेवारीला जायचा आहे. मावशी, तू गेशेव सरांना लिही. ते तुझं ऐकतील. माझ्याच्याने सही होत नाही, आणि न करता राहवतही नाही. पंधरांचा वर्ग माझ्या हाताने बंद झाला तर मी या गावात कोणत्या रस्त्याने चालू?

नेवेना


वालेन्सिया, २२ डिसेंबर

नेवेना ताई,

हे पत्र संत्र्यांच्या खोक्यात तळाशी ठेवतेय. आजी वरची संत्री निवडते, खालची नाही. तुझी पत्रं मी वाचली. आजी ती फ्रीजवरच्या डब्यात ठेवते. सॉरी.

मला माहीत नव्हतं की माझ्या नावाचे पैसे येतात. मला वाटायचं, आजीला एकटं वाटू नये म्हणून मी अभ्यास करते. मी पाचला इथल्या शाळेतून येते आणि सात वाजेपर्यंत तुमची शाळा शिकते. आजी समोर वाटाणे सोलत बसते. मागच्या वर्षी निबंध होता, 'माझं गाव'. नदी चौकाच्या कोणत्या बाजूने वाहते ते मला आठवेना. आजीला विचारलं तर म्हणाली, परीक्षेत विचारायचं नसतं. मग मी नदी लिहिलीच नाही. मला साडेपाच मिळाले. नदी नसलेल्या गावाला सहापैकी साडेपाच कोण देतं?

ताई, आम्ही परत येणार नाही. आई-बाबांनी इथे घरासाठी कर्ज घेतलंय. आजीला ते म्हणतात की भाड्याने घेतलंय. मला नर्सिंगला जायचंय आणि तो कोर्स इथेच आहे. आजीला वाटतं, पटावर नाव राहिलं म्हणजे घर राहतं. सगळे तिला तसंच वाटू देतात, मीसुद्धा.

माझं नाव काढ. हे मी स्वतः सांगतेय, हवं तर हे पत्र सरांना दाखव. आजीला मी नाताळ झाल्यावर सांगेन. आधी सांगितलं तर ती चीज भरलेली बानित्सा करणार नाही, आणि ती वर्षातून एकदाच चांगली होते.

त्या वर्गात माझी जागा कुठे असती? सहज विचारते.

रालित्सा


यासेनित्सा, ९ जानेवारी २०१९

मावशी,

एव्हाना रालित्साने तुला सांगितलं असेल. नसेल सांगितलं तर हे पत्र इथेच मिटव आणि आधी तिच्याशी बोल.

मी तीन जानेवारीला पट नव्याने काढला. पंधरा नावं. त्याच्यावर रालित्साचं पत्र ठेवलं आणि दोन्ही गेशेव सरांच्या टेबलावर ठेवून उभी राहिले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा भरभर, दुसऱ्यांदा चष्मा काढून, कागद डोळ्यांजवळ नेऊन. मग म्हणाले, "ते साडेपाच मीच दिले होते. नदी नव्हती हे माझ्या लक्षातच आलं नाही." आणि पेन उचलून सही केली. मी खाली माझी केली. माझं अक्षर इतकं बारीक आलं की त्यांनी विचारलं, ही सही आहे की माफीनामा.

नगरपालिकेकडे अर्ज दिला आहे. मी अंदाजपत्रक सात वेळा मांडलं. व्यायामशाळा मार्चपासून बंद, शुक्रवारी दुपारी बॉयलर बंद, मागच्या जिन्याच्या दुरुस्तीला या वर्षी काही नाही. तरी सहा हजार चारशे लेवा कमी पडतात. तेवढेच मागितले आहेत, एकही वाढवून नाही. सर म्हणाले, थोडे वाढवून मागायचे असतात, ते कापतातच. मी नाही म्हणाले. आता वाटतं, म्हणायला नको होतं.

रालित्साची जागा खिडकीशी, तिसऱ्या बाकावर असती. तिथे आता नकाशे ठेवतात. तिला सांग. किंवा नको सांगूस.

तू रागावली आहेस का, एवढंच लिही.

नेवेना


यासेनित्सा, २० फेब्रुवारी

मावशी,

सहा गुरुवार गेले. रविवारी तिकडून निघालेली बस मंगळवारी पोचते, मी चौकात जाते, त्सोन्को काका मान हलवतात. काल म्हणाले, खोकंही नाही, चिठ्ठीही नाही, मी काय स्वतःच्या मनाने आणू? तरी लिहिते, कारण आता मला तुझ्याकडूनच उत्तर हवं आहे.

काल नगरपालिकेची बैठक झाली. तेरा सभासद. मी आकडे वाचले. मध्येच कोणी खुर्ची सरकवली तरी मला वाटे की चूक सापडली. एमिनेचे वडील मागे उभे होते, शिकारीचं जाकीट घालून. कोणी जांभई दिली की त्याच्याकडे वळून बघत. मग औषधाच्या दुकानाच्या मार्गाबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "परवापर्यंत अठरा होते, आज पंधरा म्हणता. तिघं एका रात्रीत विरघळले काय?"

गेशेव सर उठले. म्हणाले, "ते तिघं कधीचेच इथे नव्हते. पट माझा आहे, सही माझी आहे. जे विचारायचं ते मला."

मग मतं झाली. सात विरुद्ध सहा. या जूनपर्यंत तूट भरतील. बारावीचं सप्टेंबरात बघू म्हणतात. एमिनेच्या वडिलांनी बाहेर आल्यावर माझा हात इतक्या जोराने दाबला की मला आज पेन धरायला त्रास होतोय.

पण सहा मार्चला जिल्ह्याहून तपासणी येणार आहे. गेशेव सरांनी राजीनामा लिहून ठेवला आहे. त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, तपासणीतही घेणार नाहीत. मला म्हणाले, रायनाबाईंनी एकतीस वर्षं या शाळेत एक पैसा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्यांना परक्या देशात त्रास कशाला. आणि मला मात्र लेखी जबाब द्यायचा आहे. त्यात प्रश्न असेल, पहिलं खोटं नाव कोणी लिहिलं.

काल मला कोणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. ते खोटं होतं का, हे मी रात्रभर घोळवलं. सहाला विचारतील. 'माहीत नाही' हे दोन शब्द आहेत. मी ते लिहून बघितले आणि कागद बंबात टाकला. तुझं नाव लिहून बघितलं, तोही टाकला. ज्या बाईने मला बोट ठेवायला शिकवलं तिच्यावरच ते ठेवायचं? आणि नाही ठेवलं तर सर एकटेच उभे राहतात, तेही त्यांनी न लिहिलेल्या नावासाठी.

काय लिहू ते सांग. तू सांगशील ते लिहीन, असं मात्र वचन देत नाही.

नेवेना


वालेन्सिया, २३ फेब्रुवारी

नेवेना बाळा,

तुझं पत्र आज दुपारी आलं, आणि उद्या त्सोन्को परत निघतो, म्हणून थोडक्यात.

मी रागावले होते. तुझ्यावर पंधरा दिवस, रालित्सावर एक दिवस, वेसेलावर अजून आहे. घर भाड्याचं नाही हे मला कर्जाच्या हप्त्याच्या चिठ्ठीवरून गेल्याच वर्षी कळलं होतं. एकतीस वर्षं हिशेब लिहिले, मला तेवढं वाचता येतं. मी समजले नसल्यासारखं केलं, म्हणून तेही करत राहिले. पत्राला उत्तर दिलं नाही, कारण लिहायला बसलं की तुझंच बरोबर निघायचं आणि मला ते लिहायचं नव्हतं.

रालित्सा आता पाचनंतर मैत्रिणींकडे जाते. मी एकटी वाटाणे सोलते. परवा ती आपण होऊन शेजारी येऊन बसली आणि विचारलं, नदी कोणत्या बाजूला आहे. मी सांगितलं.

या खोक्यात मार्तेनित्सा आहेत. एक मार्चच्या आत पोचतील. दर वर्षीसारख्याच, पण या वेळी दोरा जाड मिळाला. वर्गात स्वतः वाट आणि बोट ठेवून मोज, पंधरा आहेत. एमिनेला उजव्या हातावर बांध, डाव्याने ती लिहिते.

गेशेवला सांग, राजीनामा फाडू नकोस पण देऊही नकोस. आणि दुसऱ्याचं ओझं उचलायची त्याची खोड जुनीच आहे, ती माझ्यासमोर चालणार नाही.

त्सोन्कोकडे तीन तारखेचं तिकीट काढलंय. सीट सतरा, खिडकीशी. म्हाताऱ्या गृहस्थांना सांगितलं, त्यांना निम्मं ऐकू आलं, निम्म्यावर ते रडले. पाच मार्चला मंगळवारी मी चौकात उतरेन. आईला सांग, काही करत बसू नकोस, मसुराचं सूप पुरे.

सहाला तुला विचारतील, पहिलं नाव कोणी लिहिलं. तू खरं ते लिही. कोण ती, असं विचारलं तर बोट ठेवून दाखव. मी समोरच्या बाकावर बसलेली असेन.

मावशी